तारीख, नळाची पाळी सोडून

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर
ह्यांनी पेन्सिलीनं एक बंदर काढलंय.
समुद्रात घुसलेलं डोंगराचं नाक, त्यावर दीपगृह,
खाली तीन जहाजं, तिन्ही धोट्यासारखी.
चाळीस वर्षं धोटा बघितलेला माणूस
दुसरा कुठला आकार काढणार?

"विशाखापट्टण," म्हणाले. "रात्री गाडीत बसायचं,
दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला उतरायचं.
मुंबई नको. तिथं आपलं बोलणं कोण ऐकतं?"
इथं तरी कोण ऐकणार, मी म्हटलं,
आपली तेलुगू साखर पेठेतली,
निम्मी मराठीत भिजलेली, काठाला कानडी,
शिव्या तेवढ्या अस्सल.

मी शिवलेले टॉवेल कधीच बोटीत बसून गेले.
कुणा गोऱ्या बाईनं पोहून आल्यावर
माझ्या दुमडीनं मान पुसली असेल.
मी मात्र मोठं पाणी बघितलं ते हिप्परग्याचं,
तेही वैशाखात,
मधोमध म्हशी उभ्या, पोटं कोरडी.

मग तारीख.
नळ पाचव्या दिवशी. जाऊन-येऊन सहा दिवस.
दाराच्या मागं खडूनं रेघा मारत बसले हे,
मंगळवारी निघालो तर शनिवारी पाणी,
गुरुवारी निघालो तर सोमवारी, तेही पहाटे तीनला.
कुठूनही मोजा,
समुद्र आणि नळ एकाच दिवशी येतात.

रिझवाना भिंतीपलीकडून म्हणाली,
"किल्ली ठेवून जा मौसी, बॅरल मी भरते.
मला काही आणू नको.
एवढंच विचारून ये,
समुद्राकाठच्या घरांत नळ रोज येतो का?"

कडक भाकऱ्या तीस. शेंगाची चटणी, तेल न घालता.
ह्यांची गोळी, माझा चष्मा.
वाळूवर एक पाणबुडी आणून ठेवलीय म्हणे,
तिकीट काढलं की आत जाता येतं.
"पाण्याखाली राहायची वस्तू कोरड्यात ठेवली,"
हे हसले, "म्हणजे ती पण रिटायर."

एकच गोष्ट मी विचारत नव्हते, ती ह्यांनीच काढली.
मागांनी कान खाल्लेत ह्यांचे.
कुकरची शिट्टी मी बोटांनी मोजून दाखवते.
"लाट ऐकू आली नाही तर?"
असं म्हणून गप्प बसले बराच वेळ.
मग म्हणाले, "कारखाना सुटल्यावर
घरी येईपर्यंत कानात जे घुमायचं ना,
तसंच असेल बहुतेक.
मग ऐकलाय मी समुद्र. रोज ऐकलाय,
अक्कलकोट रोडवरून सायकल मारत."

मी पुन्हा भाकऱ्या मोजल्या.

तिकीट आलं ते आरएसी.
एका बर्थवर दोघं, अर्धा अर्धा.
परवा रात्री जेवल्यावर ह्यांनी फरशीवर
खडूनं बर्थ आखली, वितीनं मोजून,
एका टोकाला खिडकी,
"बस," म्हणाले, "सराव करू."
माझे पाय ह्यांच्या कुशीत, ह्यांचे माझ्या,
लग्नाला सदतीस वर्षं झाली,
असे समोरासमोर कधी बसलो नव्हतो.
खिडकीतून काय दिसतं, मी मोठ्यानं विचारलं.
"वाडी जंक्शन," म्हणाले. "चहावाला झोपलाय."

कधी डोळा लागला कळलं नाही.
नळानं आधी हवा सोडली, मग खोकला,
पाळी उद्याची होती.
ह्यांना कुठलं ऐकू यायला, मीच हलवलं,
घागर, पातेली, कळशी, दुधाचा टोप सुद्धा,
रिझवानाच्या भिंतीवर दोन थापा.
बॅरल काठोकाठ भरून सांडलं
तेव्हा हे फरशीकडे बघत उभे होते.

खडूची बर्थ भिजत चालली होती,
खिडकीच्या बाजूनं.